एका छताखालची दोन घरे

गोव्यातील जुनी ख्रिस्ती घरे मुद्दाम पाहावयास जावे असे आपल्यापैकी फार थोड्यांस वाटते. देवदर्शनासाठी आपण कवळ्यास जातो, मंगेशीस जातो, म्हार्दोळास जातो, जांबावलीचा गुलाल सहसा चुकवीत नाही. परंतु साष्टीच्या रस्त्यांवर उभी असलेली ती लांबरुंद घरे, त्यांच्या शिंपल्यांच्या खिडक्या आणि त्यांचे खांबांचे बाल्कांव, आपल्या डोळ्यांवरून जातात आणि मनात शिरत नाहीत. याचे कारण कोणास सांगावयास नको. ज्या राजवटीच्या आश्रयाने ती घरे वाढली, तिच्याच रायतूरच्या कप्तानाने १५६७ साली साष्टीतील देवळे जमीनदोस्त केली. त्या दशकाच्या धामधुमीत केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास आला. ज्याचा देव नदीपलीकडे गेला त्याने मागे राहिलेल्या घरांकडे काय म्हणून वळून पाहावे, ही भावना आमच्या घराण्यातही होती, आणि ती मी चुकीची म्हणणार नाही.

तरीही गेल्या कार्तिकात मी चांदर येथील ब्रागांझा घर पाहून आलो. एकटा गेलो नाही. माझे थोरले काका, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणतो, ते वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी मजबरोबर होते. किंबहुना जाण्याचा हट्ट त्यांचाच होता, आणि त्या हट्टामागे कौतुक नसून एक खटला होता.

आमचे मूळ घर अंत्रुज महालात आहे. चिऱ्यांच्या भिंती, मधे राजांगण, राजांगणात तुळशीवृंदावन, भोवती अकरा कुडी आणि पूर्वेच्या अंगाला देवाची कूड. तीन वर्षांपूर्वी काकी वारल्या, त्या तेथे कायम राहणाऱ्या शेवटच्या. त्यांच्यामागे वारसांची यादी झाली ती सतरा जणांची, बेळगाव, बडोदे, मुंबई अशी पांगलेली. गोव्याच्या कायद्याप्रमाणे अशा वेळी कोर्टात इन्व्हेंतार होतो. सारी संपत्ती मांडली जाते, तिची किंमत ठरते, आणि एकमत न झाल्यास वारस आपापसांत बोली लावतात. ज्याची बोली वरची, त्याला वस्तू मिळते आणि इतरांना पैसा. आमच्या इन्व्हेंतारात आबा हे काबेस द काझाल, म्हणजे मृताच्या संपत्तीचे कारभारी. मी स्वतः वारसांच्या यादीत असल्यामुळे वकीलपत्र दुसऱ्याकडे आहे. परंतु घरात वकील असला म्हणजे मसुदे त्याच्याच गळ्यात पडतात. बोली लावण्यास उत्सुक असलेल्या एका चुलत भावामागे गोव्याबाहेरच्या गिऱ्हाइकाचा पैसा उभा आहे, हे सर्वांस ठाऊक होते व कोणी उच्चारीत नव्हते.

अशा दिवसांत आबांच्या कानावर कोणी तरी घातले की चांदरास एक घर आहे, ते दोन शाखांत वाटले गेले, त्याला पिढ्या लोटल्या, तरी घर उभेच आहे. मी सायंकाळी भेटावयास गेलो तेव्हा त्यांनी इतकेच म्हटले, "तें घर म्हाका दाखय."

चांदर मडगावाहून बारा-तेरा किलोमीटरवर आहे. कुळेच्या बाजूस जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे छोटेसे स्टेशन लागते. आज शांत दिसणारा हा गाव एकेकाळी राजधानी होता, हे गावात शिरताना कोणाला सांगूनही खरे वाटू नये. भोज राजा देवराज याचा ताम्रपट शिरोड्यास सापडला. तो चंद्रपुराहून दिलेला आहे, आणि चंद्रपूर म्हणजेच हे चांदर. पुढे कदंबांनी येथूनच राज्य केले आणि अकराव्या शतकात आपली गादी जुवारीच्या काठी गोपकपट्टणास नेली. बंदर गेले तशी व्यापाराची वर्दळ गेली, उरली ती कुशावतीच्या काठची भातशेती आणि त्या शेतीवर उभी राहिलेली भाटकारांची घरे. त्यांतील सर्वांत मोठे हे, चर्चच्या प्रशस्त चौकासमोर.

मोठे म्हणजे किती, हे मी आकड्यांत सांगत नाही. रस्त्याच्या एका टोकाला उभे राहिले असता दुसऱ्या टोकापर्यंत खिडक्यांची एकच रांग धावत जाते, प्रत्येक खिडकीला आपला स्वतंत्र कठडा, आणि वर एकच उतरते छप्पर. जुना भाग सतराव्या शतकापर्यंत मागे नेतात. ही दर्शनी बाजू नंतर, संपन्नतेच्या काळात, चढविलेली. आबा काठीवर भार देऊन बराच वेळ ती रांग पाहत राहिले. आमच्या अंत्रुजातील घरांना असले तोंड नसते. बाहेरून पाहाल तर एक जाड भिंत, एक दार, बसावयास सोपे; घराचे सारे वैभव आत, राजांगणाभोवती. दोन्ही घरांचा चिरा एकाच मातीतला, चुनाही त्याच शिंपल्यांचा, आणि गवंड्यांचे हातही बहुधा एकाच जातीच्या कौशल्याचे. परंतु एक घर चौकाला सामोरे जाते आणि दुसरे देवाला. "आमचें राजांगण ल्हान," आबा म्हणाले, "पूण पावस घरांत येता." पाऊस घरात येणे ही आमच्याकडे अभिमानाची गोष्ट आहे, हे राजांगण नसलेल्या वाचकांस कदाचित सांगावे लागेल.

आत शिरल्यावर जिना एकच आहे. तो चढून वर गेले की एका अंगाला एका शाखेचे घर, दुसऱ्या अंगाला दुसऱ्या शाखेचे. पश्चिमेकडे मिनेझिस ब्रागांझा, पूर्वेकडे परेरा ब्रागांझा. पाहुण्याने दोन्हीकडे वेगवेगळी विचारणा करावयाची, दोन्हीकडे वेगवेगळी देणगी द्यावयाची. दोन्ही बाजूंची कळाही सारखी नाही. एकीकडे हात अधिक फिरलेला दिसतो, दुसरीकडे वय अधिक दिसते. कोर्टातील वाटणीच्या नकाशावर आम्ही वकील लाल रेघ ओढतो. ती रेघ येथे भिंतींच्या रंगावरून, जमिनीच्या चकाकीवरून डोळ्यांना दिसते. परंतु छपराला ती रेघ पोहोचलेली नाही. आबांनी हे माझ्या आधी हेरले. जिन्याच्या माथ्यावर थांबून त्यांनी मान वर केली आणि विचारले, "वयर कोणाचें?" मी म्हणालो, "आबा, दोघांचे असावे. पाणी एकाकडे गळले तर दुसऱ्याच्या भिंतीत मुरणारच."

पूर्वेच्या अंगाला नृत्याचा मोठा दिवाणखाना आहे. संगमरवरी जमीन, वरून टांगलेली काचेची झुंबरे, आणि भिंतीजवळ उंच पाठीच्या दोन भव्य खुर्च्या, पोर्तुगालच्या दों लुईस राजाने या घराण्यास भेट दिलेल्या. हा राजा १८६१ ते १८८९ पर्यंत गादीवर होता. ब्रागांझा हे खुद्द त्या राजघराण्याचे नाव. मूळच्या गोमंतकीय कुळाने ते धारण करावे आणि राजाने त्याच्याकडे खुर्च्या पाठवाव्या, यात त्या साम्राज्याचा एक स्वभाव दिसतो. येथून जवळच घरातील देव्हारा आहे, म्हणजे त्यांचे कापेल. तेथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे एक नख रत्नजडित कोंदणात जपून ठेवलेले आहे. आबांनी उंबरठ्याबाहेर वहाणा काढल्या. मला क्षणभर संकोच वाटला. १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशन मागणारे ते हेच संत, हे आबांना माझ्याइतकेच ठाऊक आहे. ते पुराणापेक्षा इतिहास अधिक वाचतात. परंतु ते हात न जोडता, वहाणा काढून, दोन मिनिटे स्वस्थ उभे राहिले व बाहेर आले. दुसऱ्याच्या देवाच्या कुडीत पायताण नेऊ नये एवढाच त्यांचा हिशेब होता. नमस्कार हा निराळा प्रश्न.

पश्चिमेच्या अंगाला आल्यावर मात्र घराचा सूरच बदलतो. येथे कोरीव शिसवी सामान आहे, चिनी मातीची भांडी आहेत, आणि ग्रंथालय आहे. सुमारे पाच हजार ग्रंथ असे सांगितले जाते. हा संग्रह ज्यांच्या नावाशी जोडला जातो ते लुईस द मिनेझिस ब्रागांझा १८७८ साली जन्मले आणि १९३८ साली वारले. संतांचे नख आणि या मुक्त विचाराच्या माणसाची पुस्तके एकाच छपराखाली राहिली, मधे फक्त एक जिना. १९०० साली निघालेल्या 'ओ हेराल्दो' या दैनिकाच्या उभारणीत त्यांचा हात होता. पुढे १९११ साली त्यांनी 'ओ देबात' काढले आणि १९२८ साली 'प्रकाश'. ते धर्मसत्तेचे भक्त नव्हते, भाटकारीतच जन्मलेले असून तिच्या अहंकाराचेही नव्हते, आणि हिंदूंना समान नागरिक मानावे या बाजूने त्यांनी आपली पोर्तुगीज लेखणी झिजविली.

आपल्या समाजाने हे विसरू नये असे मला वाटते, आणि त्याला घरगुती कारणही आहे. १९१० साली पोर्तुगालात राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले, पाठोपाठ चर्च आणि राज्य वेगळी झाली, आणि गोव्यातील हिंदूंना शाळेची व सरकारी नोकरीची दारे खऱ्या अर्थाने उघडली. माझे पणजोबा त्या पहिल्या पिढीतले. पोर्तुगीज शिकून ते कचेरीत कारकून झाले, आणि त्या पगारातून आमच्या घरावर माडी चढली. दार उघडले ते एका माणसाने नव्हे. परंतु ते उघडावे म्हणून या दिवाणखान्यात बसून कोणी लिहीत होता, हे खरे. आबांना ही गोष्ट मी पुस्तकांच्या कपाटासमोर सांगितली. त्यांनी काचेवर बोट ठेवून विचारले, "हांतूंत आज्याची माडी आसा म्हण सांगता तूं?" आजोबांची माडी या पुस्तकांत आहे, असे म्हणतोस? मी होय म्हणालो.

वकील म्हणून मला या माणसाची एक गोष्ट विशेष मोलाची वाटते. १९३० साली सालाझारच्या वसाहत कायद्याचा मसुदा पुढे आला. पोर्तुगीज राष्ट्राचे कार्यच मुळी वसाहती धारण करणे हे, अशी त्याची धारणा. ४ जुलै १९३० रोजी गोव्याच्या शासन परिषदेत मिनेझिस ब्रागांझा यांनी ठराव मांडला. त्याचा आशय असा की आपले भवितव्य आपण घडविण्याइतके समर्थ होण्याचा जो हक्क सर्व लोकांस जन्मतः आहे, तो पोर्तुगीज हिंदुस्थान सोडून देत नाही. ठराव संमत झाला. चळवळ नाही, घोषणा नाही. कायदेमंडळाच्या सभागृहात, राज्यकर्त्यांच्याच भाषेत, हक्क सोडला नसल्याची नोंद. ज्यांनी कधी दाव्यात हक्क राखून ठेवणारा अर्ज दिला आहे त्यांस या एका वाक्याचे वजन कळेल. याच चांदर गावी जन्मलेले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा हे पुढच्या टप्प्याचे. त्यांना १९४६ साली लष्करी न्यायालयापुढे उभे केले गेले, आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालातील पेनिश किल्ल्यात धाडले गेले. मिनेझिस ब्रागांझांच्या कन्या बेर्ता यांनीही स्वातंत्र्याच्या चळवळीत भाग घेतला. त्या काळात या अंगाला राहणाऱ्या मंडळींस घर सोडून गोव्याबाहेर राहावे लागले, ती १९६१ च्या मुक्तीनंतर परतली. इतकी वर्षे बंद राहूनही आतले सामान शाबूत मिळाले असे सांगतात. बंद घरात पहिला शत्रू वाळवी, दुसरा शेजारी. दोघांनीही येथे दया केली म्हणावयाची.

आता जी गोष्ट आबा पाहावयास आले होते तिच्याकडे वळतो. असली घरे का पडतात, याचे उत्तर लोक एका शब्दात देतात: भांडणे. माझ्या धंद्याचा अनुभव निराळा आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. हिंदूंच्या काही चालीरीती १८८० च्या हुकुमाने राखल्या गेल्या, तरी वारसाचा मुख्य प्रवाह संहितेचाच. नवरा-बायकोची मिळकत सामाईक, तिचा अर्धा भाग बायकोचा. मृत्युपत्राने देता येईल ते आपल्या हिश्श्याच्या निम्मेच, बाकीचे निम्मे मुलांचे, आणि त्यांत मुलगी मुलाच्या बरोबरीने. हेच तत्त्व २०१६ साली अमलात आलेल्या गोव्याच्या नव्या उत्तराधिकार कायद्यातही टिकले आहे. या कायद्याने कित्येक विधवांना आणि बहिणींना मी सन्मानाने उभे राहिलेले पाहिले आहे. त्याला नावे ठेवण्यास माझी जीभ धजणार नाही. परंतु न्याय्य कायदा घराचे तुकडे करतो, हेही तितकेच खरे. त्यातच १९६४ चा कूळ कायदा आणि त्याची १९७६ ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमीन मिळाली, १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला त्याच्या खोपीचे संरक्षण मिळाले. तेही न्याय्यच. फक्त ज्या भाताच्या खंडावर दिवाणखान्यातील झुंबरे लखलखत होती तो खंड थांबला, आणि आज या घराच्या छपराला पाहुण्याच्या देणगीचा आधार लागतो. भाटकारी गेली याचे मला दुःख नाही. छप्पर जाऊ नये, एवढेच.

याउलट आपली देवळे पाहा. ती कोणाच्या इन्व्हेंतारात येत नाहीत. १९३३ च्या माझानी नियमावलीने महाजनांची नोंदवही ठरविली. महाजनाला मान आहे, मत आहे, जबाबदारी आहे, परंतु विकता येईल असा वाटा नाही. म्हणून चार शतके देव शाबूत राहिले. देवळासाठी आपण सहज वर्गणी काढतो, इतकी सहज की कित्येक ठिकाणी सुंदर जुना सभामंडप मोडून त्याजागी गुळगुळीत लाद्यांचा नवा केल्याशिवाय आपला हात थांबत नाही. आणि ज्या घरांतून हे महाजन निघाले, ज्यांच्या देवघरांत त्या देवांचे टाक आहेत, ती घरे आपण एकेका बोलीवर सोडून देतो. हे मी आबांजवळ बोललो नाही. महाजन म्हणून नव्या सभामंडपाच्या ठरावावर त्यांची सही आहे.

घर पाहून झाल्यावर आम्ही कोटात गेलो. ब्रागांझा घरापासून थोड्याच अंतरावर कदंबकालीन शिवमंदिराचे अवशेष आहेत. १९२९ साली फादर हेरास यांनी तेथे उत्खनन केले; स्पेनमध्ये जन्मलेले हे जेझुइट पंडित आपल्या शिवालयाचा पाया उकरीत होते, ही चांदरची आणखी एक गंमत. गवतात दगडी नंदी बसलेला आहे. त्याला शिर नाही. आबांनी येथे मात्र हात जोडले, आणि नंदीसमोर जेथे गाभारा असावयाचा त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिले. कार्निव्हालाच्या दिवसांत याच गावचे ख्रिस्ती लोक हातांत मुसळे घेऊन मुसळखेळ खेळतात, आणि त्यांच्या गीतांत विजयनगरच्या हरिहराच्या काळचा विजय आठवतात, असे मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, "जाणां हांव. तेय आमचेच."

परतीच्या वाटेवर आबांनी हिशेब मांडण्यास सुरुवात केली. पुढील आठवड्यात मी त्यांच्या सांगण्यावरून समेटाचा मसुदा केला. अकरा कुडींपैकी आठ वाटून घ्याव्या, ज्यांना पैसा हवा त्यांना उरलेल्यांनी तो चार हप्त्यांत द्यावा. देवाची कूड, राजांगण, विहीर आणि माडीचा जिना ही चार स्थाने कोणाच्याही हिश्श्यात न धरता सर्वांची सामाईक राहावी. चांदरच्या जिन्यावरून ही कल्पना आली, हे उघड आहे. कायद्याने सामाईक मालकीत कोणासही कायमचे बांधून ठेवता येत नाही. पुढे एखादा वारस पुन्हा वाटणी मागू शकेल, हे मी आबांस स्पष्ट सांगितले. त्यांनी विचारले, चांदरच्या लोकांना हे ठाऊक नव्हते काय? त्यांना ठाऊक होते, मी म्हणालो.

सतरांपैकी अकरा सह्या आल्या आहेत. बोलीची तारीख कोर्टाने एकदा पुढे ढकलली आहे, आता पुन्हा ढकलणार नाही. ज्याच्यामागे गिऱ्हाईक आहे त्या चुलत भावाचे उत्तर नाही. बेळगावच्या वहिनींनी मसुदा परत पाठविला तो सही न करता, समासात पेन्सिलीने एकच ओळ लिहून: दर चैत्रात छपराचे नळे परतण्याचा खर्च कोण करणार, ते यात लिहिलेले नाही. आबा ती ओळ वाचून प्रथमच मोकळेपणी हसले, आणि मला म्हणाले, कलम घाल, पहिली तीन वर्षे माझ्या नावावर.